जाळीचा आरसा

खटकचिंचोळी हे भालकी तालुक्यातील, मराठी आणि कानडी या दोन्ही बोली कानी पडणारे आमचे गाव. येथील शेतकऱ्याला तारेची जाळी ठाऊक आहे ती कोंबड्यांच्या खुराड्यापुरती. परंतु याच सामान्य जाळीने आपल्या भागात एकदा आकाशातून चित्रे उतरवली होती. १९७५ च्या १ ऑगस्टपासून १९७६ च्या ३१ जुलैपर्यंत अमेरिकेच्या एका उपग्रहाच्या साहाय्याने भारतात दूरचित्रवाणीचा एक मोठा प्रयोग झाला. सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेडी त्यासाठी निवडली होती आणि त्यांत शेजारच्या गुलबर्गा, म्हणजे आजच्या कलबुर्गी, जिल्ह्यातील खेडीही होती. तेथे संच ठेवला, की त्याच्या जोडीला सुमारे तीन मीटर व्यासाची एक जाळीदार परात आकाशाकडे तोंड करून बसवीत. ती जाळी खुराड्याच्या जाळीच्याच जातीची होती.

भोके असलेला आरसा चालतो कसा, हा प्रश्न कोणाच्याही मनात सहज यावा. याचे उत्तर तरंगलांबीत आहे. त्या उपग्रहाकडून येणाऱ्या लहरींची लांबी सुमारे पस्तीस सेंटीमीटर होती. भोक लहरीच्या लांबीच्या मानाने पुष्कळ लहान असले, म्हणजे लहरीला ते भोक जाणवतच नाही. तिच्या दृष्टीने ती अखंड भिंतच होय. वाऱ्याला मात्र तीच भिंत मोकळी वाट देते. लहर अडवावी आणि वारा जाऊ द्यावा, या एका गोष्टीत गरीब देशाच्या अभियंत्यांना मोठा आधार सापडला.

त्याचे भव्य उदाहरण पुण्याच्या उत्तरेस सुमारे ऐंशी किलोमीटरवर, नारायणगावाजवळच्या खोडद येथे उभे आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे गोविंद स्वरूप यांनी १९८० च्या दशकात या प्रचंड रेडिओ दुर्बिणीची कल्पना मांडली. प्रत्येकी पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस परातींपैकी चौदा मध्यभागी जवळजवळ असून उरलेल्या सोळा तीन दिशांना दूरवर पसरल्या आहेत. एवढ्या मोठ्या परातीला अखंड पत्रा लावला असता, तर वाऱ्याचा भार सोसण्यासाठी लोखंडाचे ओझे आणि खर्च दोन्ही आवाक्याबाहेर गेले असते. म्हणून दोरांच्या ताणलेल्या चौकटीवर बारीक पोलादी तारांची जाळी बसविण्यात आली. तिची भोके मध्यभागी दहा मिलीमीटरची असून कडेला ती वीसपर्यंत वाढत जातात. या दुर्बिणीला जी सर्वांत आखूड लहर ऐकावयाची, ती हायड्रोजनची एकवीस सेंटीमीटरची. म्हणजे कडेचे भोकही त्या लहरीच्या दहाव्या हिश्श्याइतकेच. ही काटकसर मनमानी नव्हती, ती गणिताने आखलेली होती.

हे गणित कोठून आले? हर्ट्झने १८८८ च्या सुमारास विद्युत्-चुंबकीय लहरी प्रत्यक्ष दाखविल्या. १८९७ साली पॉकलिंग्टन या इंग्रज गणितज्ञाने तारेतील प्रवाहाचे समीकरण मांडले. परंतु समीकरण मांडणे निराळे आणि ते सोडविणे निराळे. तारेच्या प्रत्येक भागातील प्रवाह इतर प्रत्येक भागावर परिणाम करतो, आणि उलट तेही त्याच्यावर करतात. एका वाड्यातील कुटुंबांसारखी ही गोष्ट आहे: कोणीही एकटा राहत नाही. म्हणून दीर्घकाळ अभियंते तारा कापीत, वाकवीत आणि मोजीत गेले. १९२६ साली जपानात उदा व यागी यांनी दिलेली, पुढे घरोघरच्या छपरांवर दिसू लागलेली दांड्यांची अँटेना अशाच कष्टाळू प्रयोगांतून आली.

संगणक आल्यावर परिस्थिती पालटली. तारेचे, लहरीच्या सुमारे दहाव्या भागाइतके, तुकडे करावे. प्रत्येक तुकड्यातील प्रवाह अज्ञात मानावा. जितके तुकडे तितकी समीकरणे मांडून सारी एकदम सोडवावी. हॅरिंग्टन यांनी १९६८ च्या आपल्या ग्रंथात या पद्धतीला सुसंगत रूप दिले. १९८१ मध्ये अमेरिकेच्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेतील बर्क व पॉजिओ यांनी तिच्यावर बेतलेल्या संगणक-कार्यक्रमाची एक आवृत्ती सिद्ध केली. ती पुढे सर्वांना मोकळी झाली. आज साध्या घरगुती संगणकावरही विद्यार्थी ती चालवू शकतो.

तथापि, या साधनालाही मर्यादा आहेत. तुकडे दुप्पट केले, की समीकरणे सोडविण्याचे श्रम आठपट होतात. खोडदची एक परात एकवीस सेंटीमीटरच्या लहरीसाठी अशी कापू गेलो, तर सुमारे चाळीस लाख तुकडे होतील आणि त्यांच्या परस्परसंबंधांचे आकडे सोळा लक्ष कोटी! म्हणून सुज्ञ अभियंता काम वाटून देतो. परातीच्या केंद्राशी टांगलेला लहान ग्राहक तो तुकड्यातुकड्यांनी तपासतो. भव्य परातीला प्रकाशाच्या आरशासारखी मानून ढोबळ पण पुरेसे गणित करतो. या दुर्बिणीचा कायापालट करताना नवे, रुंद पट्ट्याचे ग्राहक बसविले गेले. पूर्वी एका वेळी ३२ मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा ऐकू येई, तो आता ४०० पर्यंत गेला आहे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. संगणक विचारलेल्याच प्रश्नाचे उत्तर देतो. प्रश्न चुकीचा असला तरी उत्तर तितक्याच आत्मविश्वासाने येते. तुकडे फार मोठे धरले, जमिनीचा ओलावा विसरलो किंवा जवळचा लोखंडी खांब वगळला, तर पडद्यावरचा सुरेख आलेख केवळ भ्रम ठरतो. म्हणून मैदानात जाऊन मोजमाप करण्याचे काम संपलेले नाही. उलट, गणित आणि मोजणी जुळली नाहीत, तर ते कोठे जुळत नाहीत हे शोधण्यातच खरे ज्ञान असते.

गुलबर्ग्याच्या खेड्यातील परात आणि खोडदची परात यांत सुमारे पंधरापट अंतर आहे. दोघींच्या मुळाशी तत्त्व एकच: लहरीला काय दिसते, एवढाच विचार करावा, आणि जे तिला दिसत नाही त्यावर खर्च करू नये. आमच्या भागातील शाळांतल्या मुलामुलींना हे सांगणे मला महत्त्वाचे वाटते. मोठे शास्त्र नेहमी मोठ्या पैशांतून जन्मते असे नाही. कधी ते भोकाच्या मापाचा अचूक हिशोब करण्यातूनही जन्मते.