स्ट्रीटवाइज ऑपेरा

बेघरपण अनुभवलेल्यांसोबत संगीतनाट्य उभे करणारी ब्रिटिश संस्था, स्थापना २००२. संस्थापक मॅट पीकॉक लंडनमधील रात्रनिवाऱ्यात काम करत. ऑपेरा पाहून बाहेर पडताना ओलांडावे लागतात ते बेघर, अशा आशयाचे एका राजकारण्याचे उद्गार तिथल्या रहिवाशांच्या वाचनात आले आणि आपणच ऑपेरा करावा, असे त्यांना वाटले. संस्थेचा पहिला प्रयोग वेस्टमिन्स्टर ॲबेत झाला. व्यावसायिक कलावंतांच्या बरोबरीने, दर्जात सवलत न मागता गाणे हे संस्थेचे खरे मोठेपण. २०१६ मध्ये मँचेस्टरच्या कॅम्पफील्ड मार्केटमध्ये ‘द सिक्स्टीन’ या नामवंत गायकवृंदासह बाखच्या ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ या येशूच्या यातना आणि मृत्यूवरील संगीतरचनेवर आधारित प्रयोग झाला. येशूची भूमिका संस्थेच्या अनेक सदस्यांनी आळीपाळीने केली. संगीतकार जेम्स मॅकमिलन यांनी त्यासाठी नवा शेवट संगीतबद्ध केला. त्याचे शब्द सदस्यांचे होते.