मुस्लिमद्वेष, समाजमाध्यमांवरील

मुस्लिमांविषयी खोटा मजकूर, अर्धवट चित्रफिती वा चिथावणी पसरवून साऱ्या समाजालाच आरोपी ठरवण्याचा प्रकार. नोंदीचा रोख महाराष्ट्रावर, विशेषतः तिथे या प्रकाराला झालेल्या प्रतिकारावर आहे.

नाशिक जिल्ह्यातले बोलके उदाहरण त्र्यंबकेश्वरचे. १३ मे २०२३ रोजी रात्री उरुसाच्या संदलची मिरवणूक मंदिराच्या दारापाशी थांबली. मंदिरात शिरण्याचा प्रयत्न झाल्याची तक्रार झाली, चित्रफीत राज्यभर फिरली, सरकारने विशेष तपास पथक नेमले. पायरीवरून देवाला धूप दाखवण्याची आमची जुनी रीत आहे, असे मिरवणूकवाल्यांचे म्हणणे होते. गावकऱ्यांनी शांतता बैठक घेतली. ही रीत गावाला ठाऊक होती. काही सेकंदांची चित्रफीत पाहणाऱ्या परक्याला ती कळणार कुठून?

अफवेला नेमके उत्तर कसे द्यावे, ते पालघर प्रकरणात दिसले. १६ एप्रिल २०२० रोजी गडचिंचले येथे जमावाने दोन साधू व त्यांच्या चालकाला ठार मारले. हत्येच्या चित्रफितीतले ‘ओय बस’ हे शब्द ‘शोएब’ असल्याचे सांगून हत्येला धार्मिक रंग दिला गेला. राज्याचे तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी अटक झालेल्या १०१ जणांची यादीच जाहीर केली. तीत एकही मुस्लिम नव्हता. शांततेच्या गुळगुळीत आवाहनापेक्षा अशी यादी अधिक उपयोगी, पण ती येईपर्यंत अफवा गावोगाव पोहोचलेली असते.

त्याच काळात तबलिगी जमात या मुस्लिम धर्मप्रचारक गटावर करोना पसरवल्याचा ठपका होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २१ ऑगस्ट २०२० रोजी परदेशी तबलिगींवरील गुन्हे रद्द केले आणि माध्यमांतल्या अपप्रचारावरही ताशेरे ओढले. जानेवारी २०२२ मध्ये मुस्लिम स्त्रियांचा ‘लिलाव’ मांडणाऱ्या ‘बुली बाई’ अ‍ॅपप्रकरणी मुंबई पोलिसांच्या सायबर विभागाने परराज्यांतून अटका केल्या.

व्हॉट्सअ‍ॅपने २०१८ मध्ये भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा घातली. २०२० मध्ये वारंवार फिरलेल्या संदेशांसाठी ती एकावर आणली. भारतीय न्याय संहितेची कलमे १९६ व २९९ धार्मिक तेढ व भावना दुखावण्याशी संबंधित आहेत. उदाहरणार्थ, नाशिक शहरातल्या अंबडच्या रहिवाशाला अंबड पोलीस ठाण्यात किंवा नाशिक शहराच्या सायबर पोलीस ठाण्यात तक्रार देता येते. मजकूर काढला जाण्याआधी त्याची लिंक, स्क्रीनशॉट, तारीख-वेळ आणि पाठवणाऱ्याचा क्रमांक जपून ठेवावा. ‘बघा, काय चाललंय’ म्हणून तोच व्हिडिओ दुसऱ्या ग्रुपवर टाकला, की तक्रारदारही प्रसारक होतो.