कॅरोलायनाच्या तांदळाचे दप्तर

दक्षिण कॅरोलायनाचा इतिहास समजून घेऊ इच्छिणाऱ्याने राज्यकारभाराचे आणि युद्धांचे ग्रंथ काही काळ बाजूस ठेवून त्या प्रांताची पाकपुस्तके आधी उघडावीत, असे माझे मत वाचता वाचता बनत गेले आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी या एका संस्थानाच्या किनारपट्टीत सुमारे दोन शतके तांदूळ हेच पीक, तांदूळ हीच पत आणि तांदूळ हाच कुलाभिमान होता. आणि जेथे जमीन, कायदा, श्रीमंती व स्वयंपाकघर ही सारी एका धान्याभोवती फिरतात, तेथे त्या धान्याविषयी कोणी लिहिले, केव्हा लिहिले आणि काय गाळून लिहिले, याचा शोध घेण्यावाचून गत्यंतर नसते. जमीनदाराच्या आठवणींत बांध आपोआप उभे राहतात आणि पीक आपोआप कापले जाते. पाककृती लिहिणाऱ्या गृहिणीला तशी सवलत नाही. भात कसा करावयाचा हे सांगू लागले की भात करणाऱ्या हाताची रीत कागदावर उतरतेच, मग त्या हाताचे नाव लिहिण्याचे सौजन्य तिने दाखविलेले असो वा नसो.

इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सने १६६३ मध्ये मर्जीतल्या आठ सरदारांना सनद देऊन हा मुलूख बहाल केला, आणि १६७० मध्ये ॲशली नदीच्या काठी पहिली वसाहत पडली. वसाहतवाल्यांपैकी पुष्कळजण बार्बाडोस बेटावरून आलेले होते आणि उसाच्या मळ्यांवर गुलामांकडून काम करवून घेण्याची तेथील वहिवाट त्यांनी येताना बरोबरच आणली होती. पण नव्या भूमीत कोणते पीक पैसा देईल, याचा ठाव त्यांना काही वर्षे लागला नाही. अशा वेळी, १६८५ च्या सुमारास, मादागास्करहून निघालेले एक नादुरुस्त जहाज चार्ल्सटनच्या बंदरात आश्रयास आले आणि त्याचा कप्तान जॉन थर्बर याने डॉ. हेन्री वुडवर्ड यांस साळीच्या बियाण्याची एक पिशवी भेट दिली, अशी कथा आहे. ‘कॅरोलायना गोल्ड’ या नावाने पुढे युरोपच्या बाजारांत नावाजलेला, सोनेरी टरफलाचा तांदूळ याच पिशवीतून निपजला, असे तेथे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले.

कथा सोयीची आहे. तीत कप्तान आहे, डॉक्टर आहे, वादळ आणि दैवही आहे. शेतकरी तेवढा नाही. बी हाती आले म्हणजे शेती आली असे मानणाऱ्याने खाचरात कधी पाय घातलेला नसतो. इंग्रजांच्या मायदेशी साळ पिकत नव्हती. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मात्र सेनेगालपासून सिएरा लिओनपर्यंत, नायजर नदीच्या खोऱ्यात उगम पावलेली साळीची एक स्वतंत्र जात कित्येक शतके पिकविली जात होती, आणि खारे पाणी बांधाने अडवून दलदलीतून खाचरे काढण्याची विद्या तेथील लोकांना वंशपरंपरेने अवगत होती. १७०८ साली गव्हर्नराने विलायतेस धाडलेल्या खानेसुमारीत गोरे ४,०८०, आफ्रिकी गुलाम ४,१०० आणि मूळच्या इंडियन जमातींतील गुलाम १,४०० असे आकडे आहेत. चार्ल्सटनच्या वृत्तपत्रांतून पुढे गुलामांच्या विक्रीच्या ज्या जाहिराती येऊ लागल्या, त्यांत माणसे ‘तांदळाच्या किनाऱ्या’वरून आणलेली आहेत हे मालाचा गुण म्हणून नमूद केलेले असे, आणि सिएरा लिओन नदीतील बन्स बेटावरून अशी माणसे आणवून विकणारा हेन्री लॉरेन्स हा व्यापारी कालांतराने अमेरिकेच्या काँग्रेसचा अध्यक्षही झाला.

आरंभी आतल्या दलदलीत चालणारी ही शेती अठराव्या शतकाच्या मध्यापासून नद्यांच्या भरतीवर चालू लागली, आणि तिचे तंत्र जरा तपशिलाने पाहण्यासारखे आहे. भरती नदीत चढते तेव्हा जड खारे पाणी तळाशी राहते व गोडे पाणी वर उचलले जाते. ते गोडे पाणी नेमक्या वेळी शेतात घ्यायचे, हवे तितके दिवस कोंडून तणाचा नाश करायचा आणि ओहोटीबरोबर सोडून द्यायचे, हे सारे बांधात पुरलेल्या लांबट लाकडी पेटीच्या दोन तोंडांना टांगलेल्या झडपांच्या आधारे चाले. गोव्याच्या खाजणांत मानशीची झडप पाण्याच्या दाबाने आपोआप मिटताना ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही युक्ती निराळी समजावून सांगण्याचे कारण नाही; खाजणात मुख्य काळजी खारे पाणी बाहेर ठेवण्याची, तर येथे गोडे पाणी आत घेण्याचीही. पेरणी वसंतात होई. बी पाण्यावर तरंगू नये म्हणून ते चिकणमातीच्या राबडीत टाकून अनवाणी पायांनी तुडवीत, वाळवीत आणि मग पेरीत. कित्येक ठिकाणी खळग्यात टाकलेले बी टाचेने दाबून पायाच्या बोटांनीच मातीखाली लोटण्याचा प्रघात होता. कापणी विळ्याने. नंतर पाइन किंवा सायप्रसच्या ओंडक्यातून कोरलेल्या उखळात कांडण चाले आणि त्या मुसळाला दोन्हीकडे डोकी असत, एक निमुळते टरफल सोडविण्यासाठी व दुसरे बोथट कोंडा घालविण्यासाठी. शेवटी लव्हाळ्याची वेटोळी शिवून केलेल्या रुंद, उथळ टोपल्यांतून, म्हणजे आपल्या सुपांच्याच कामाच्या साधनांतून, पाखडणी होई. दिवसाचे नेमून दिलेले काम बहुधा पाव एकराच्या मापाने मोजले जाई. मे महिना लागला की हिवतापाच्या भयाने मालक मंडळी शहरात किंवा समुद्रकाठी निघून जात व पहिले हिम पडेपर्यंत परतत नसत. पाण्यात उभे राहणाऱ्यांना ती मुभा नव्हती.

लेलंड फर्ग्युसन या पुरातत्त्वज्ञाने १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात एक हिशेब मांडला आहे. कूपर नदीच्या पूर्वशाखेवरील अवघ्या साडेबारा मैलांच्या टापूत १८०० सालापर्यंत ५५ मैलांहून अधिक लांबीचे बांध उभे राहिले होते आणि त्यांत ६४ लाख घनफुटांहून जास्त माती होती. ही सर्व माती फावड्यांनी व टोपल्यांनी हलविलेली. तिच्या जोरावर १८४० च्या सुमारास एकट्या जॉर्जटाउन परगण्यात देशातील जवळजवळ निम्मा तांदूळ पिकत होता, आणि ब्रुकग्रीनच्या जोशुआ वॉर्डसारख्या एका मालकाच्या पदरी हजाराहून अधिक गुलाम होते. ज्यांनी ती माती हलविली त्यांची कैफियत मात्र दप्तरात सापडत नाही, आणि त्याचे कारणही दप्तरातच आहे: सप्टेंबर १७३९ मध्ये स्टोनो नदीकाठी गुलामांचे बंड झाले आणि पुढच्याच वर्षी जो कायदा मंजूर झाला, त्यात गुलामास लिहावयास शिकविणाऱ्यास शंभर पौंड दंडाची तरतूद होती. तांदूळ पिकविण्याची विद्या ज्यांना होती त्यांनी लिहावयाचे नाही, आणि लिहिता ज्यांना येत होते त्यांनी तांदूळ पिकवावयाचा नाही, अशी ही कायद्याने केलेली वाटणी होती.

यादवी युद्धानंतर गुलामगिरी गेली, लुइझियाना व टेक्सासच्या घट्ट जमिनीवर यंत्रांनी होणारी स्वस्त भातशेती पुढे सरसावली, १८९३ आणि १९११ च्या वादळांनी उरलेसुरले बांध फोडले, आणि किनाऱ्यावरचा हा व्यवसाय संपला. व्यवसाय संपला तेव्हा त्याचे ग्रंथ येऊ लागले. एलिझाबेथ ऑल्स्टन प्रिंगल या गव्हर्नराच्या कन्येने वडिलोपार्जित जमीन स्वतः कसली आणि तो अनुभव १९१३ मध्ये टोपणनावाने छापला. १९३६ मध्ये ॲलिस रेव्हेनेल ह्यूजर स्मिथ या चित्रकर्तीच्या जलरंगांतील भातशेतीच्या चित्रांचा देखणा संग्रह निघाला. आणि १९३७ मध्ये डंकन क्लिंच हेवर्ड या माजी गव्हर्नराने आपल्या घराण्याच्या कंबाही नदीवरील शेतीचा वृत्तान्त लिहिला, ज्याच्या नावातच मादागास्करच्या बियाण्याला मानाचे स्थान आहे. ही पुस्तके टाकाऊ नाहीत. पाण्याच्या पाळ्या, पिकावर उतरणाऱ्या पाखरांच्या झुंडी, झडपा राखणाऱ्या माणसाचे महत्त्व यांविषयी हेवर्ड जे सांगतो ते दुसरीकडे मिळणे कठीण. परंतु त्याच्या लेखनावर मावळतीचा असा काही गुलाबी प्रकाश पडलेला आहे की त्यात घामाचे थेंबही मोत्यांसारखे दिसू लागतात, आणि वाचकाने सावध राहावे ते येथे.

आता पाकपुस्तकांकडे वळू. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्या एडवर्ड रटलेज यांची कन्या साराह रटलेज हिने १८४७ मध्ये, कुलीन स्त्रीच्या संकोचाने स्वतःचे नाव न घालता, ‘चार्ल्सटनच्या एका स्त्रीने’ रचलेले म्हणून कॅरोलायनाच्या गृहिणीसाठी एक पुस्तक छापले. त्यात फ्रेंच व इंग्रजी पद्धतीचे पदार्थ आहेत, तांदळाच्या पिठाच्या पावांचे कितीतरी प्रकार आहेत, आणि त्यांच्याच पंक्तीला तिळाचे सूप, भुईमुगाचे सूप व भेंडीही निःशंकपणे येऊन बसली आहे. ‘हॉपिन् जॉन’ या चवळी-भाताची कृती पाहावी. पाइंटभर लाल चवळी, तितकाच तांदूळ, पौंडभर बेकन. चवळी अर्धी शिजली की बेकन घालावयाचे, ती पुरी शिजली की धुऊन रोळलेला तांदूळ सोडावयाचा, अर्ध्या तासाने भांडे विस्तवावरून उतरवून निखाऱ्यांवर ठेवावयाचे व वाफेवर जिरू द्यावयाचे, म्हणजे शीत न् शीत मोकळे होते. तांदूळ रोळून खडे काढण्याची आणि शेवटची वाफ निखाऱ्यावर देण्याची ही बारकाई रटलेजबाईंना विलायती पुस्तकांतून मिळालेली नव्हती. ती त्यांच्या घरच्या गुलाम स्वयंपाकिणींची होती, आणि ती जशीच्या तशी उतरून घेण्याइतक्या रटलेजबाई प्रामाणिक होत्या.

पुढची पुस्तके याच वाटेने गेली. १९०१ मध्ये चार्ल्सटनला भरलेल्या प्रदर्शनासाठी श्रीमती स्टोनी यांनी केवळ तांदळाच्या पदार्थांची दोनशेहून अधिक कृतींची पुस्तिका काढली. १९३० मध्ये ब्लांश ऱ्हेट यांच्या संग्रहात खेकडीच्या अंड्यांचे प्रसिद्ध सूप त्यांच्या घरच्या विल्यम डीस या कृष्णवर्णीय स्वयंपाक्याच्या नावाने आले, आणि त्या काळी हे नाव छापले जाणे ही लहान गोष्ट नव्हती. १९५० मध्ये शहरातील गोऱ्या स्त्रियांच्या संस्थेने प्रसिद्ध केलेला साडेसातशे कृतींचा संग्रह अद्याप खपतो. त्यात गला लोकांच्या, म्हणजे याच भातशेतीतील आफ्रिकी वंशजांच्या, बोलीतील ओळी शोभेसाठी पेरलेल्या आहेत. बोली उसनी घ्यावी आणि बोलणाऱ्याला परसदारी उभे करावे, ही रीत मला त्या पुस्तकातील अन्यथा उत्कृष्ट पदार्थांपेक्षा अधिक लक्षात राहिली.

इतिहासकारांना जाग आली ती उशिरा. १९७४ मध्ये पीटर वुड यांनी वसाहतकाळातील कृष्णवर्णीय बहुसंख्येवर ग्रंथ लिहून, तांदळाचे ज्ञान गुलामांबरोबर आले असावे हा विचार गंभीरपणे मांडला. डॅनियल लिटलफील्ड यांनी १९८१ मध्ये तो पुढे नेला, आणि ज्युडिथ कार्नी यांनी २००१ च्या आपल्या ग्रंथात बियाणे, बांध, उखळ व स्त्रियांचे कौशल्य ही सगळी एक अखंड आफ्रिकी विद्या म्हणून उभी केली. यावर २००७ मध्ये एल्टिस, मॉर्गन व रिचर्डसन या त्रयीने जहाजांच्या नोंदी पुढे करून आक्षेप घेतला की भातशेतीच्या प्रदेशांतून आलेल्या माणसांचे प्रमाण मानले जाते तितके मोठे नव्हते आणि मालकांच्या प्रयोगशीलतेलाही श्रेय दिले पाहिजे. आक्षेप वजनदार आहे, आणि कार्नीबाईंचा आवेश काही ठिकाणी पुराव्याच्या पुढे धावतो हेही मान्य करावे लागते. ‘कॅरोलायना गोल्ड’ स्वतः आशियाई जातीचाच तांदूळ आहे. तरीही टाचेने बी दाबण्याची रीत, दुतोंडी मुसळ आणि वेटोळ्यांची टोपली यांचा उलगडा जहाजांच्या खतावण्यांतून होत नाही. एखादी विद्या देशांतरी रुजण्यासाठी ती जाणणारे बहुसंख्य असावे लागतात असेही नाही.

कॅरन हेस यांनी १९९२ मध्ये श्रीमती स्टोनी यांची ती जुनी पुस्तिका आपल्या अभ्यासासह पुन्हा छापून, या कृतींमागे आफ्रिकी स्त्रियांचा हात कसा दिसतो ते पदार्थागणिक दाखविले, आणि माझ्या मते या प्रश्नाचा सर्वांत शहाणा निवाडा त्याच पुस्तकात आहे. पण त्याच्याही आधी, १९७० मध्ये, वर्टामे स्मार्ट-ग्रोव्हनर या किनारपट्टीतच जन्मलेल्या लेखिकेने मापे झुगारून, स्वतःच्या अंदाजाने रांधण्याचा पुरस्कार करणारे प्रवास-पाकपुस्तक लिहिले होते. आणि २०२२ मध्ये एडिस्टो बेटावरील एमिली मेगेट यांनी, दुसऱ्यांच्या घरी अर्धे शतक स्वयंपाक केल्यानंतर, नव्वदीच्या उंबरठ्यावर आपले पुस्तक आपल्या नावाने प्रसिद्ध केले.

हेवर्ड घराण्याच्या त्याच कंबाही नदीतून २ जून १८६३ च्या पहाटे उत्तरेच्या सैन्याच्या बोटी वर गेल्या होत्या. हॅरिएट टबमन त्यांच्याबरोबर होती. नदीकाठचे मळे जाळले गेले, त्यांत एका हेवर्डचाही मळा होता, आणि भाताच्या शेतांतून धावत आलेली साडेसातशेच्या आसपास माणसे बोटींवर चढून मुक्त झाली. त्यांच्यापैकी पुष्कळजण सैन्यात भरती झाले, आणि पुढे त्यांनी वा त्यांच्या विधवांनी निवृत्तिवेतनासाठी सरकारकडे अर्ज केले. लग्न खरे की खोटे, मूल कोणाचे, कोणत्या मळ्यावर कोण कोणाबरोबर राबत होते, याच्या जबान्या त्या निमित्ताने सरकारी कारकुनांनी लिहून घेतल्या. एडा फील्ड्स-ब्लॅक या इतिहासकर्तीने, ज्यांचे स्वतःचे पूर्वज त्या मोहिमेत होते, या अर्जांची आणि मालकांच्या खरेदीखतांची, गहाणखतांची, मृत्युपत्रांची ताडातोड करून २०२४ मध्ये एक विस्तृत ग्रंथ सिद्ध केला व २०२५ चे पुलित्झर पारितोषिक त्यास विभागून मिळाले. हेवर्डच्या ग्रंथाशेजारी तो ठेवून वाचावा. नदी तीच आहे, बांध तेच आहेत, आणि त्या बांधांवर काम करणारी माणसे येथे आईबापांच्या, जोडीदारांच्या व मुलांच्या नावांनिशी आलेली आहेत.