पाणथळ-स्वास्थ्य सर्वेक्षण, राष्ट्रीय

देशातल्या पाणथळ जागांची प्रकृती एकाच पद्धतीने आणि ठरावीक वर्षांच्या अंतराने तपासण्याची योजना. पाणथळ जागा किती आहेत आणि किती हेक्टरांवर पसरल्या आहेत, हे गणना सांगते. त्यांत काय जगते आहे, काय मरते आहे आणि कशामुळे, हे स्वास्थ्य-सर्वेक्षणाने सांगायचे असते. या दोन कामांची गल्लत सरकारी कागदांत वारंवार होते. प्रस्तुत नोंदीत या योजनेचे टप्पे पुणे जिल्ह्यातील राहू बेटाच्या उदाहरणाने दाखवले आहेत. हे उदाहरण निवडण्याचे कारण असे की पाणी भरपूर असूनही कायद्याच्या व्याख्येत न बसणारा इतका बोलका प्रदेश सहसा सापडत नाही.

राहू हे दौंड तालुक्यातील गाव. भीमा आणि मुळा-मुठा या नद्यांच्या मधल्या पट्ट्याला राहू बेट म्हणतात. भीमेपलीकडे शिरूर तालुका लागतो आणि रांजणगाव सांडसजवळ दोन्ही नद्या एकत्र येतात. ऊस आणि गुऱ्हाळे ही बेटाची ओळख. पुणे शहराचे सांडपाणी मुळा-मुठेतून येते, तर पिंपरी-चिंचवडच्या परिसरातले काही इंद्रायणीतून तुळापूरला भीमेत उतरते, म्हणजे बेटाच्या दोन्ही अंगांनी शहर वाहते. दोन्ही प्रवाह पुढे उजनीच्या जलाशयात जातात. भिगवणला हिवाळ्यात रोहित, चित्रबलाक आणि पट्टकादंब पाहायला गर्दी होते ती याच पाण्यावर.

व्याख्या. सर्वेक्षणाचे निम्मे निष्कर्ष इथेच ठरून जातात. 2 फेब्रुवारी 1971 रोजी इराणमधील रामसर येथे झालेल्या आणि 1982 मध्ये भारताने स्वीकारलेल्या कराराची व्याख्या ऐसपैस आहे : नैसर्गिक वा मानवनिर्मित, वाहते वा साचलेले, कायमचे वा हंगामी असे सर्व पाणी तिच्यात येते. समुद्राच्या बाबतीत ओहोटीला सहा मीटरपर्यंत खोलीची मर्यादा आहे. भारताच्या 2017 च्या पाणथळ जागा (संवर्धन व व्यवस्थापन) नियमांनी मात्र नदीपात्र, भातखाचरे आणि पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले जलसाठे वगळले. राहू बेटाला हे लावून पाहिले की भीमा गेली, मुळा-मुठा गेली, कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांमागचा फुगवटा गेला आणि शेततळीही गेली.

शिवाय भाषेची अडचण आहे. शेतकऱ्याच्या तोंडी ‘पाणथळ’ म्हणजे चिबडलेले, मीठ फुटलेले, पीक न देणारे रान. अशी जागा सातबाऱ्यावर पोटखराब म्हणून पडून असते. सर्वेक्षणाचे पत्रक घेऊन आलेल्या माणसाने ‘तुमच्याकडे पाणथळ आहे का?’ असे विचारले तर शेतकरी ओढ्याकाठच्या लव्हाळ्याकडे बोट दाखवणार नाही. निचऱ्याचे अनुदान आले की काय, असेच त्याला वाटेल.

गणना. या बाजूने देशात भक्कम काम झाले आहे. अहमदाबाद येथील अंतराळ उपयोग केंद्राने 2006-07 च्या उपग्रह-प्रतिमांवरून 1:50,000 प्रमाणात राष्ट्रीय पाणथळ नकाशासंग्रह केला. त्यात 2,01,503 जागा आखल्या गेल्या. 5,55,557 लहान जागा केवळ ठिपके म्हणून दाखवल्या गेल्या. एकूण क्षेत्र 1 कोटी 52.6 लाख हेक्टर भरले. 2017-18 च्या प्रतिमांवरून केलेल्या पुढच्या संग्रहात ते सुमारे 1 कोटी 59.8 लाख हेक्टर आहे. दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाणथळ जागा सुधारल्या असे म्हणणे चूक ठरेल. नवे धरण भरले तरी क्षेत्र वाढते.

या संग्रहात 2.25 हेक्टर ही किमान मर्यादा नकाशाच्या प्रमाणातून आली. नकाशावरचा तीन मिलिमीटरांचा चौकोन जमिनीवर दीडशे मीटरांचा होतो, म्हणजे साडेपाच एकरांचा. त्याहून लहान डबकी, डोह आणि ओढ्यांचे कोपरे ठिपके होतात, आणि ठिपक्याला किनारा नसतो. नदी-ओढ्यांना मात्र या संग्रहाने मोजले आहे. 2006-07 च्या क्षेत्रात त्यांचा वाटा एक तृतीयांशाहून थोडा अधिक होता. एकाच देशात अंतराळ केंद्राची भीमा पाणथळ आहे आणि नियमांची नाही.

नमुनानिवड. सगळ्या जागा तपासणे अशक्य, म्हणून निवड आली. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने 2011 मध्ये केलेल्या पहिल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात 1,138 ठिकाणे तपासली गेली; त्यांतली बहुतेक सोडत पद्धतीने, पाणथळांचे प्रकार आणि प्रदेश सांभाळून निवडली होती. प्रत्येक ठिकाणी साधारण अर्ध्या हेक्टराच्या वर्तुळात वनस्पती, माती आणि पाणी पाहिले गेले. 48 टक्के क्षेत्राची स्थिती चांगली आणि 32 टक्क्यांची वाईट ठरली. ठिकाणे सोडतीने निघाल्यामुळेच ही टक्केवारी न पाहिलेल्या जागांनाही लागू करता येते. आपल्याकडे जागा नावाजलेली असेल तर निवडली जाते. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने 2019-20 च्या सुमारास 130 जागांसाठी आखलेल्या कार्यक्रमात ‘स्वास्थ्यपत्रिका’ आणली. क्षेत्र, जलव्यवस्था, जैवविविधता आणि कारभार यांवर गुण देण्याची तिची कल्पना चांगली आहे. पण निवडलेल्या 130 जागांची सरासरी देशाची सरासरी होत नाही. नांदूर मध्यमेश्वर, लोणार आणि ठाणे खाडी तपासून महाराष्ट्राचे उत्तर निघत नाही, आणि भिगवण तपासून राहूचेही.

निर्देशक. पक्षी मोजणे सर्वांत सोपे आहे. आशियाई पाणपक्षी गणना 1987 पासून दर जानेवारीत होते. तिचे मोल मोठे आहे, पण पक्ष्यांचा आकडा फसवूही शकतो. सांडपाण्याच्या गाळात रक्तकृमी माजतात आणि त्यांच्यावर शेकाट्यांचे थवे उतरतात. थवा पाहून नदी सुदृढ ठरवणारा निरीक्षक पत्रक चुकीचे भरतो. म्हणून तळातले कीटक पाहावे लागतात. मेफ्लायची अळी भरपूर प्राणवायू मागते, रक्तकृमीला तो फारसा लागत नाही, तेव्हा कोण सापडले यावर निदान होते. जलपर्णी उपग्रहाला दिसते, पण वरून ती केवळ हिरवी जलवनस्पती असते.

खरा वाद ‘निरोगी’ कशाला म्हणायचे यावर आहे. तुलनेसाठी न बिघडलेली जागा लागते. भीमेच्या खोऱ्यात धरणे, वाळूउपसा आणि काठावरच्या मोटारी यांपासून सुटलेला लांब पल्ला कुठून आणायचा? त्यापेक्षा त्याच प्रकारच्या जागांतल्या बऱ्यातल्या बऱ्या जागा आधार म्हणून घेणे आणि तसे अहवालात स्पष्ट लिहिणे अधिक प्रामाणिक.

वेळ. दख्खनचे पाणी ऋतूंबरोबर पाटबंधारे खात्याच्या वेळापत्रकावरही चालते. पावसाळा संपला की बंधाऱ्यांना पाणी अडवणारे ढापे बसतात आणि वाहती नदी तळ्यांची माळ होते. धरणाचे आवर्तन सुटले की पातळी पुन्हा बदलते. एकच भेट देऊन हे टिपता येत नाही. ढापे बसल्यानंतरची एक आणि मे महिन्यातली एक अशा किमान दोन भेटी हव्यात. दोन्ही वेळी ढाप्यांची स्थिती पत्रकात लिहायला हवी. मुंढव्याच्या जॅकवेलमधून बेबी कालव्यात सोडलेले शहराचे पाणी पिकांतून झिरपत परत ओढ्यांना येते, त्यामुळे ओढेही यादीत लागतात.

जमिनीवरची आखणी. 11 डिसेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना नकाशासंग्रहातील जागांची प्रत्यक्ष पडताळणी आणि सीमांकन तीन महिन्यांत पूर्ण करण्यास सांगितले. या कामात तलाठी, भूमापक आणि वनखात्याची माणसे लागतात. नदीकाठी मात्र उपयोगी पडतो तो रोज पाण्यावर असलेला भोई. कोणत्या महिन्यात मासे वर येऊन तोंड उघडतात आणि जलपर्णी कधी अडते, हे त्याला ठाऊक असते. त्याच्याकडून माहिती घ्यायची तर पत्रकातली नावे त्याची हवीत. ‘तिलापिया किती?’ असे विचारले तर तो गप्प राहील. त्या माशाला उजनीच्या काठावर चिलापी म्हणतात.