हरिश्चंद्राचं कर्जप्रकरण

कर्जाच्या टेबलावर वीस वर्षं काढलेल्या माणसाला जगातली प्रत्येक थोर गोष्ट कर्जप्रकरणासारखी दिसते. लोक ताजमहाल पाहून सद्गदित होतात. आमच्या मनात येतं, तारण काय होतं? आता दादासाहेब फाळक्यांचंच घ्या. ‘राजा हरिश्चंद्र’ म्हटलं की इतरांना ३ मे १९१३ आणि गिरगावातलं कॉरोनेशन थेटर आठवतं. मला आठवतो वाटाणा.

विम्याची पॉलिसी गहाण टाकून फाळके १९१२ साली लंडनला गेले आणि विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. पुढच्या भांडवलाचं काय? तर त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला आणि थोड्या थोड्या वेळानं एकेक चित्र घेत राहिले. कित्येक दिवसांची वाढ पडद्यावर बघता बघता उलगडली. दाणा फुटतोय, कोंब मान वर काढतोय, वेल चढतेय! ते पाहून पैसेवाल्याचा विश्वास बसला. प्रोजेक्ट रिपोर्ट नाही, तीन वर्षांचे ताळेबंद नाहीत, एक वाटाणा. (तारण घेतलंच म्हणा. ते कोण सोडतो? घरातले दागिनेही गेले.)

शूटिंग दादरच्या मेन रोडवर, बंगल्याच्या आवारात. दिवा एकच, सूर्य. त्याचं बिल येत नाही. म्हणून राजवाडा उघड्यावर. मागे रंगवलेले पडदे, वर आभाळ. ढग आला की अयोध्येचा राजा मुकुटासकट वर बघत बसणार! आणि ऊन आलं तरी ते एकाच बाजूनं येतं, दुसरा गाल काळा पडतो. त्यावर उपाय घरचाच: पांढरी चादर ताणून धरायची आणि ऊन उलटं चेहऱ्यावर टाकायचं. ती चादर धरून तासन्‌तास उन्हात उभ्या असत सरस्वतीबाई, म्हणजे फाळक्यांच्या पत्नी.

बरं, चादर हे त्यांचं फावल्या वेळातलं काम. साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक त्यांच्याकडे. रात्री सगळे घोरायला लागले की दुसरी पाळी. त्या वेळी कोरी फिल्म कडेला भोकं न पाडता येई. ती भोकं अंधारात, हातानं, एकसारख्या अंतरावर पाडायची. अंतर चुकलं की फिल्म कॅमेऱ्यात अडकणार आणि दिवसाचं ऊन फुकट.

तारामतीसाठी बाई मिळेना. नाटकातल्या नाहीत, बदनाम वस्तीतल्याही नाहीत. फाळक्यांनी बायकोला विचारलं. मी तारामती झाले तर बाकीचं करणार कोण, असा त्यांचा सवाल होता म्हणतात. प्रश्न बिनतोड. शेवटी ग्रँट रोडच्या एका हॉटेलातले आचारी अण्णा साळुंके तारामती झाले. तिथे महिना १० रुपये होते, इथे १५ ठरले. मिशा काढायला मात्र पुरुषमंडळी तयार होईनात. वडील जिवंत असताना मिशी काढायची? यांची समजूत घालण्यात फाळक्यांचं किती ऊन वाया गेलं असेल! साळुंक्यांनी पुढे १९१७ च्या ‘लंका दहन’मध्ये राम आणि सीता दोन्ही केली. एका माणसात दोन जागा भरणं आमच्या हेड ऑफिसलाही इतकं सुबक जमत नाही.

साळुंक्यांचा पगार असा रुपयापर्यंत माहीत आहे. सरस्वतीबाईंचा मला कुठे सापडला नाही. चादर मात्र संध्याकाळी झटकून, घडी घालून पुन्हा घरात गेली असणार. रात्री कुणालातरी अंथरायला हवीच होती.