बोटीच्या मोटरला कारची बॅटरी का चालत नाही? मग कोणती घ्यायची?

बामणोलीतून वासोट्याला जाणाऱ्या बोटीत तुम्ही बसला असाल, तर कोयनेचा शिवसागर जलाशय किती पसरलाय हे माहितीच असेल. काठ सुटला की मदतीला कोणी नाही. अशा पाण्यात छोट्या बोटीला विजेवर चालणारी ट्रोलिंग मोटर लावायची, तर सगळा भरवसा बॅटरीवर असतो.

ही मोटर चालत्या माणसापेक्षा थोडीच वेगाने बोट नेते. त्यामुळे तिच्यावर वासोटा गाठायचा विचार सोडा. काठाजवळ मासेमारी किंवा हौशी फेरफटका, एवढंच तिचं काम.

अनेकांना वाटतं, घरी कारची बॅटरी पडून आहे, तीच लावू. इथेच गाडी फसते. कारची बॅटरी स्टार्टरला काही सेकंद जोरदार करंट देते आणि लगेच अल्टरनेटर तिला पुन्हा भरतो. तिच्या प्लेट्स पातळ असतात. तासन्‌तास वापरून ती रिकामी केली, तर थोड्याच फेऱ्यांत बसते. डीप सायकल बॅटरीच्या प्लेट्स जाड असतात. हळूहळू रिकामं होणं आणि पुन्हा भरणं, हे त्या वर्षानुवर्षं सोसतात.

आता खरा घोळ. बॅटरीवर १०० एएच लिहिलंय म्हणजे पूर्ण १०० मिळतात का? नाही. लेड-ॲसिडमध्ये हा आकडा बहुतेक वेळा सी-२० हिशोबाचा असतो, म्हणजे ५ अँपिअरने २० तास. १२ व्होल्टची ५५ पाउंड थ्रस्टची मोटर फुल स्पीडला सुमारे ५० अँपिअर खेचते. इतक्या वेगाने उपसली तर बॅटरी आकड्यापेक्षा बरंच कमी देते. त्यात ती टिकवायची तर निम्म्याच्या खाली नेऊ नये. म्हणजे फुल स्पीडला तासभरही मिळणं कठीण. तीच मोटर १५ अँपिअरवर चालवली तर तीन तासांच्या आसपास निघतात. वेग कमी करण्याइतका स्वस्त उपाय दुसरा नाही.

दुकानात गेलात की बहुतेक ठिकाणी इन्व्हर्टरची ट्यूबलर बॅटरी पुढे केली जाते. ती खरंच डीप सायकल आहे आणि स्वस्तही पडते. पण १५० एएचची उंच ट्यूबलर ५० किलोच्या वर जाते, बोट कलली की ॲसिड सांडू शकतं आणि चार्जिंगला हायड्रोजन निघतो. त्यामुळे लेड-ॲसिडच घ्यायची तर सीलबंद एजीएम किंवा जेल घ्या. बजेट असेल तर लिथियम आयर्न फॉस्फेट. १०० एएचचं वजन साधारण १२ किलो आणि ८० टक्के बिनधास्त वापरता येतात. महाग आहे, पण होडी लहान असेल तर माझं मत तिलाच. मात्र तिचा बीएमएस सतत किती अँपिअर देतो ते विचारा. तो ५० च्या खाली असेल तर फुल स्पीडला मोटर अचानक बंद पडेल. चार्जरही लिथियमचाच लागतो.

सांगलीकरांसाठी वेगळी गोष्ट. कृष्णेत प्रवाह असतो, म्हणून आधी प्रवाहाविरुद्ध जा आणि परत येताना प्रवाहाबरोबर या. उलटं केलंत तर बॅटरी संपत आल्यावर सगळ्यात जड काम तिच्या वाट्याला येतं. आयर्विन पुलाची पाणीपातळी बातम्यांत यायला लागली की ही मोटर घरीच ठेवा. पुरात ती टिकत नाही.

जोडताना जाड केबल वापरा आणि बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज किंवा ब्रेकर बसवा. ५० अँपिअरच्या मोटरला साधारण ६० चा लागतो. २४ व्होल्टची मोटर असेल तर दोन्ही बॅटऱ्या एकाच कंपनीच्या, एकाच वयाच्या घ्या. शिवसागरचा काही भाग अभयारण्यात येतो, त्यामुळे बोट उतरवण्याआधी परवानगीची चौकशी करा. आणि बॅटरी कितीही भारी घेतली तरी वल्ही आणि लाइफ जॅकेट बोटीत हवंच.