बंब, बंद टाकी आणि बदली तापक : धाराशिव परिसरातील एका गृहसाधनाचा इतिहास

घरगुती वस्तूंच्या इतिहासात एखादी वस्तू केव्हा प्रचारात आली याची चर्चा पुष्कळ होते. ती मोडल्यावर कोण दुरुस्त करी, तिचा कोणता भाग बदलला जाई आणि तो कोठून मिळे, याची चर्चा क्वचितच होते. वस्तुतः एखादे साधन एखाद्या प्रदेशात कितपत रुजले, हे या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावरूनच ठरवावयास हवे. स्नानाचे पाणी तापविण्याचे साधन हे याचे बोलके उदाहरण होय. धाराशिवसारख्या जिल्ह्याच्या गावी बंद टाकीच्या गीझरमधील तापक-दांडा जळाला, तर त्याच्या जागी नेमका तसाच दुसरा मिळविणे हे बंबाची जाळी बदलण्याहून कितीतरी अवघड काम आहे. बाजारपेठ लहान म्हणून ही अडचण आली, असे सामान्यतः समजले जाते. ते अर्धेच खरे आहे. अडचणीचे मूळ, पूर्वी खुले असलेले भांडे पुढे बंद झाले, या घटनेत आहे.

या भागात पाणी तापविण्याची थोरामोठ्यांची सोय निराळी होती. परांडा किल्ल्यातील हमामखान्याची वास्तू तिची साक्ष देते. सामान्य घरी मात्र चुलवणावरचा हंडा आणि त्याच्या शेजारी घंगाळ एवढाच सरंजाम असे. बंब ही यापुढची पायरी. तांब्याचे वा पितळेचे उभे नळकांडे, त्याच्या मध्यातून खालून वर गेलेली विस्तवाची नळी, तळाशी लोखंडी जाळी, बाजूस तोटी, माथ्यावर सैल झाकण, अशी त्याची रचना. विस्तव पाण्याच्या पोटातच असल्यामुळे जळण थोडे लागे. आणि ते कसलेही चाले. तुराट्या, पऱ्हाट्या, ज्वारीची धसकटे, गोवऱ्या, बाभळीच्या ढलप्या, म्हणजे शेतात जे उरेल ते बंबात जाई. काही बंबांना थंड पाणी ओतण्यासाठी नरसाळे असे. ओतलेले पाणी तळाशी जाई आणि तितकेच ऊन पाणी वरच्या नळीने आपोआप बाहेर पडे. (आग विझविणाऱ्या आणि आग पोटात बाळगणाऱ्या अशा दोन्ही साधनांना मराठीने एकच नाव द्यावे, हा भाषेचा एक मौजेचा विशेष आहे.)

यांपैकी कोणत्याही बंबात पाणी कोंडले जात नसे. उकळी फुटली तर वाफ झाकणावाटे निघून जाई. घरच्यांचे दुर्लक्ष झाले तर फार तर पाणी आटे व डाख सुटे. म्हणूनच त्याची दुरुस्ती कोणाच्याही आवाक्यातली होती. जाळी लोहाराने ठोकून द्यावी, तोटी कासाराच्या दुकानातून आणावी, गळती तांबटाने डाख लावून बंद करावी. कोणत्याही भागाला ठरीव माप नव्हते आणि त्याची गरजही नव्हती. भाग भांड्याला बसत नसेल तर कारागीर घासून, ठोकून तो बसवी. १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या राज्यात होता आणि शेजारची बार्शी मुंबई इलाख्यात. त्यामुळे या मोठ्या पेठेतून येणारा माल करोडगिरीची चौकी ओलांडून येई. तथापि सीमेपलीकडून आला तो माल. तो दुरुस्त करण्याची विद्या गावातच होती.

बंद टाकीची परंपरा सर्वस्वी निराळी. १८६८ साली लंडनमध्ये बेंजामिन मॉन याने वायूवर चालणारा जलतापक केला व आइसलँडमधील उष्ण झऱ्यावरून त्याला 'गीझर' हे नाव दिले. साठवणीचा स्वयंचलित तापक मूळच्या नॉर्वेच्या एडविन रूड याने १८८९ मध्ये अमेरिकेत सिद्ध केला. पुढे अमेरिकेत व युरोप खंडात नळाच्या दाबाखालील बंद टाक्या रूढ झाल्या. इंग्लंडने मात्र त्यांना दीर्घकाळ दूर ठेवले. तेथे माळ्यावरच्या हौदातून पाणी टाकीत येई आणि वर उघडी असलेली वायुनळी ठेवावी लागे. १९८५ च्या इमारत-नियमांनी बंद टाकीस वाट मोकळी केली, ती कडक अटींवर : नेहमीच्या थर्मोस्टॅटखेरीज, एकदा तुटल्यावर हाताने पूर्ववत् केल्यावाचून न जुळणारा उष्णता-छेदक आणि तापमानावर उघडणारी झडप, ही दोन्ही हवीतच. इंग्रजांच्या या सावधगिरीस निव्वळ सनातनीपणा म्हणणे योग्य नाही. पाणी १५ अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापले की सुमारे दीड टक्क्याने फुगते; २५ लिटरांच्या टाकीत ही वाढ ४०० मिलिलिटरांच्या घरात जाते. त्याहून गंभीर गोष्ट अशी की, दर चौरस सेंटिमीटरला ६.५ किलोग्रॅमच्या दाबाखाली पाणी १६० अंशांच्याही वर गेल्यावाचून उकळत नाही. अशी टाकी फुटली तर त्या पाण्याचा काही अंश क्षणार्धात वाफ होतो.

इंग्लंडच्याच अनुभवात प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने आणखी एक बोध आहे. तेथील खुल्या टाक्यांचे तापकासाठीचे तोंड सव्वादोन इंची आट्यांचे ठरून गेले होते. कोणत्याही दुकानातला तापक कोणत्याही टाकीला बसे. बंद टाक्या आल्यावर निरनिराळ्या उत्पादकांनी आपापल्या मापांचे, छेदक अंगभूत असलेले तापक काढले आणि ही अदलाबदल संपली. म्हणजे भांडे बंद होताच सुटा भाग दुर्मिळ होणे, हे केवळ मराठवाड्याचे भाग्य नव्हे.

धाराशिवकडे वळले तर असे दिसते की, येथे वीज घरोघर पोचण्याचे काम मुख्यतः १९६० साली स्थापन झालेल्या राज्य वीज मंडळाच्या काळातले आहे. प्रथम बादलीत सोडावयाचा रॉड आला. तो बंबाचाच सोयरा, कारण बादली खुली. त्यामागून भिंतीवरचा गीझर आला. गच्चीवरच्या टाकीतून पाणी येत असल्याने त्यावरील नित्याचा दाब अल्पच; पण आत जाणाऱ्या नळीवर एकमार्गी झडप बसली की ते भांडे पुरते बंद झाले. भारतीय मानक २०८२ ने अशा तापकांच्या सुरक्षिततेच्या व कार्यक्षमतेच्या कसोट्या ठरविल्या. मात्र निरनिराळ्या कारखान्यांच्या टाक्यांची तोंडे एका मापाची झाली नाहीत.

येथील भूमीचाही यात हात आहे. काळ्या खडकातून उपसलेल्या विंधनविहिरींच्या पाण्यात चुन्याचे व मॅग्नेशियमचे क्षार असतात. पाणी तापताच ते दांड्यावर पांढऱ्या थराने बसतात. दांड्याच्या आत निक्रोमची तार, तिच्याभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी व बाहेर तांब्याचे वा मिश्रधातूचे कवच असते. थर जाड झाला की उष्णता बाहेर पडत नाही, कवच तडकते आणि तार जळते. बंबातही हाच क्षार साचे. पण विस्तवाच्या जाड नळीला तो सोसे.

मग बदली तापक शोधावयाचा तो कशावरून? निव्वळ 'दोन किलोवॅटचा' म्हणून मागणे अपुरे होय. तोंडाच्या चकतीचा व्यास, बोल्टांतील अंतर किंवा आट्यांचे माप, दांड्याची लांबी, थर्मोस्टॅटच्या नळीची खोली, कवचाचा धातू आणि रबरी वायसर, इतके सर्व जुळावे लागते. २३० व्होल्टवर दोन किलोवॅटच्या शाबूत दांड्याचा रोध साडेसव्वीस ओहमच्या आसपास भरतो, तीन किलोवॅटचा साडेसतराच्या. पाटीवरचा आकडा पुसला असेल तर ही खूण उपयोगी पडते, अर्थात् तार तुटलेली नसेल तरच. वीजदाब १८० व्होल्टपर्यंत उतरला की तोच दांडा जेमतेम सव्वा किलोवॅट देतो. म्हणून 'हीटर कमजोर झाला' अशी तक्रार असता तो चांगलाच निघण्याचा संभव असतो. सर्वांत धोक्याचा प्रकार म्हणजे दांडा मिळाला, पण छेदक जुळला नाही, म्हणून तो वगळून सरळ जोडणी करणे. 'बसवून घेण्याची' जी कारागिरी खुल्या बंबाच्या बाबतीत गुण होती, ती येथे प्राणघातक ठरू शकते. झडप गळते म्हणून तिला बूच मारणे हाही त्याच जुन्या सवयीचा अवशेष होय. तापताना तिच्यातून थेंब पडावेत, हीच मुळी काही रचनांतील योजना आहे.

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातील दीर्घ भारनियमनाने बंबाला थोडे आयुष्य मिळवून दिले. त्यानंतर त्यांतले बरेच मोडीत, तांब्याच्या वजनावर, विकले गेले. २०२३ साली उस्मानाबादचे अधिकृत नाव धाराशिव झाले, तोवर गच्च्यांवर सौर तापक सर्रास दिसू लागले होते. लोकांनी त्यांना 'सौर बंब' हे नाव दिले, ते नकळत अन्वर्थक ठरले : त्यांपैकी पुष्कळांना माथ्यावर उघडी वायुनळी असते. विसणही पुन्हा हाताने घालावी लागते, फक्त घंगाळाऐवजी दोन तोट्या फिरवून. ढगाळ दिवसांसाठी मात्र या बंबाच्या पोटातही विजेचा तापक बसवितात. आणि तो जळाला म्हणजे आट्यांचे माप व दांड्याची लांबी टिपूनच दुकान गाठावे लागते.